पोरांना भीती घालायची की खरं सांगायचं?

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ते, व्याज, बँकेचं कर्ज यावर बोलतो. पण मध्यंतरी एका गटाच्या बैठकीत जमाखर्चाची वही उघडलीच गेली नाही. झालं असं, की एक ताई आल्या त्याच रडवेल्या चेहऱ्यानं. सकाळी धुणं धुताना नववीतल्या पोराच्या पँटच्या खिशात त्यांना माव्याची पुडी सापडली होती. पोराला अजून त्यांनी काही विचारलं नव्हतं. "काय करू ते सांगा," एवढंच त्या म्हणाल्या.

मग प्रत्येकीनं आपापला उपाय सांगितला. एक म्हणाली, कॅन्सरवाल्यांचे फोटो दाखव, झोप उडंल त्याची. दुसरी म्हणाली, गळ्याची शपथ घाल. तिसरी म्हणाली, पोलिसात देते म्हणावं. एका मावशींनी तर सांगितलं, "एकदा खाल्लं की माणूस मरतंय, असं ठासून सांग." सगळ्यांच्या बोलण्याचा अर्थ एकच होता : पोराला घाबरवून सोड.

मी गप्प बसले होते. कारण हाच उपाय मी स्वतः करून बसले आहे, आणि त्याचं काय झालं ते मला माहीत आहे. आज तेच तुमच्यापुढे मांडते.

तीन-चार वर्षांपूर्वी एका शाळेत मी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम घेतला. मोठमोठी चित्रं नेली होती. सडलेलं तोंड, कापलेला जबडा, काळं पडलेलं फुफ्फुस. मी मुलांना सांगितलं, "तंबाखूला हात लावला की कॅन्सर. गांजा एकदा ओढला की आयुष्य संपलं. दारूचा पहिला घोट म्हणजे मरणाची पहिली पायरी." मुलं अगदी चिडीचूप झाली. मला वाटलं, जमलं.

मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, माझे आजोबा साठ वर्षं तंबाखू खातायत. अजून शेतावर जातात. त्यांना कसा नाही झाला?" सगळा वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही. मी त्याला "उद्धटपणा करू नको, खाली बस" म्हणाले. तो बसला. पण त्या क्षणापासून वर्गातलं एकही पोर माझं ऐकत नव्हतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. त्याच वर्गात एक मुलगा होता, त्याला तेव्हाच तिखट खाल्लं की तोंडात आग व्हायची. तो सहावीपासून सुपारी आणि नंतर मावा खात होता. माझी चित्रं बघून त्याला वाटलं, आपल्याला कॅन्सर झाला, आता आपण मरणार. म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही. मावा मात्र सुटला नाही, भीतीनं उलट वाढला. पुढे वर्ष-दीड वर्षानं तोंडात भाकरीचा घास नीट जाईना, तेव्हा घरच्यांच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर नाही, पण तोंडाची आतली कातडी आखडली आहे. लवकर आला असता तर बरंच थांबवता आलं असतं. त्याच्या घरच्यांना विचारूनच हे सांगते आहे. नाव-गाव सांगत नाही.

मैत्रिणींनो, त्या पोराला मी घाबरवलं, पण घाबरल्यावर जायचं कुठं ते सांगितलं नाही. हा माझा दोष. म्हणून आजचा विषय : पोरांना व्यसनाबद्दल सांगताना भीती घालायची की खरं सांगायचं?

आधी बघू, नुसती भीती का चालत नाही.

पहिलं कारण म्हणजे पोरांना डोळे आहेत. आपण म्हणतो "खाल्लं की मेला," आणि पोराला टपरीवर, पारावर, एसटीत खाणारी माणसं जिवंत दिसतात. २०१६-१७ साली देशभर जी तंबाखूची पाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रातले २६.६ टक्के मोठे लोक तंबाखू या ना त्या रूपात वापरत होते. म्हणजे चार माणसांतलं एक. त्यातले बहुतेक खाणारे किंवा मिश्री लावणारे, ओढणारे थोडेच. पोरगं रोज हे बघतंय. मित्रानं दिलेला मावा त्यानं एकदा खाल्ला, चक्कर आली, घाम आला, पण मेलं काही नाही. मग ते म्हणतं, आई खोटं बोलली. आणि एका गोष्टीत खोटं बोलली म्हणजे बाकीच्याही गोष्टीत बोलली असेल. इथं खरा धोका आहे. कारण बाकीच्या गोष्टींत काही अशा आहेत, की ज्या खरोखरच पहिल्या वेळी जीव घेऊ शकतात. त्या मी पुढे सांगणार आहे. तेव्हा आपल्या शब्दाला वजन उरलेलं असायला हवं.

दुसरं कारण, पोरांना उद्याचा आजार दिसत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला "पन्नाशीत कॅन्सर होईल" म्हटलं तर त्याला पन्नाशीच खरी वाटत नाही. त्याला आज मित्रांत बसायचं असतं.

तिसरं कारण, भीतीनं माणूस लपवायला शिकतो. पुडी खिशातून दप्तरात जाते, दप्तरातून गोठ्यात जाते. सुटत नाही.

जिल्ह्याच्या एका प्रशिक्षणात आम्हाला अमेरिकेचं उदाहरण सांगितलं होतं, ते मला फार पटलं. तिथं १९८३ साली लॉस एंजेलिस शहरात शाळाशाळांतून पोलीस पाठवून मुलांना नशेविरुद्ध धडे द्यायला सुरुवात झाली. त्या कार्यक्रमाचं नाव 'डेअर'. नशा वाईट, तिला फक्त नाही म्हणा, असा त्या काळातला सगळा सूर होता. हा कार्यक्रम देशभर पसरला, आईबापांना आवडला, पुढाऱ्यांना आवडला. पण संशोधकांनी वर्षानुवर्षं तपासलं तेव्हा दिसलं, की हे धडे घेतलेली मुलं आणि न घेतलेली मुलं यांच्या नशेच्या प्रमाणात म्हणावा असा फरकच नाही. २००१ साली तिथल्या सरकारच्या सर्वांत वरच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या अहवालानं हा कार्यक्रम निरुपयोगी ठरवला. पुढे त्यांना धडेच बदलावे लागले आणि मुलांना बोलतं करणं, विचार करून ठरवायला शिकवणं, यावर भर द्यावा लागला. तसंच १९९८ पासून तिथं टीव्हीवर नशेविरुद्धच्या जाहिरातींवर १०० कोटी डॉलरहून जास्त पैसा खर्च झाला. २००६ साली सरकारच्याच हिशेब तपासनीसांनी सांगितलं, की या जाहिरातींनी मुलांची नशा कमी झाल्याचा पुरावा नाही.

एवढा पैसा असलेल्या देशाला जे जमलं नाही, ते माझ्या चार चित्रांनी कसं जमावं?

आता कुणी विचारेल, "मग तंबाखूच्या पुडीवर सरकारनं ते भयंकर फोटो का छापलेत?" चांगला प्रश्न आहे. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्र आणि इशारा असतो. पण त्यात दोन गोष्टी आहेत. एक, ते चित्र खोटं नाही. तसं काही लोकांना होतं. आणि दुसरी गोष्ट २०१८ मध्ये वाढवली गेली : चित्रासोबत एक फोन नंबर छापला जातो, सोडायला मदत हवी असेल तर फोन करा म्हणून. म्हणजे धोका दाखवला आणि वाटही दाखवली. धोका सांगूच नये, असं मी म्हणत नाही. धोका जेवढा आहे तेवढाच सांगायचा, आणि त्याच्यासोबत वाट सांगायची. आणि हेही ध्यानात घ्या, आपल्या टपरीवर प्लॅस्टिकच्या कागदात घोटून रबर लावून मिळणाऱ्या माव्यावर ना चित्र असतं ना नंबर. ते काम घरातच करावं लागतं.

मग त्या आजोबांच्या प्रश्नाला मी काय उत्तर द्यायला हवं होतं? आज मी असं देते : "तुझे आजोबा वाचले, चांगलं झालं. सगळ्यांनाच कॅन्सर होतो असं नाही. पण कुणाला होणार आणि कुणाला नाही, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. रात्री बॅटरी न घेता उसाला पाणी पाजायला जाणाऱ्या प्रत्येकाला साप चावत नाही. तरी तुझी आई बाबांच्या हातात बॅटरी देतेच ना? आणि आजोबांच्या बरोबरीचे जे तंबाखूनं गेले, ते आज पारावर बसून सांगायला नाहीत." हे ऐकून पोरं हसत नाहीत. विचार करतात.

आता एकेका पदार्थाबद्दल खरं काय ते बघू. आपल्यालाच नीट माहीत नसेल तर पोरांना काय सांगणार?

सुपारी आणि मावा. खरं हे, की खाल्ल्यावर थोडी तरतरी येते. म्हणून तर लोक खातात. "त्यात काहीच मजा नाही" असं म्हटलं तर पोरगं मनात हसतं. तंबाखूत निकोटिन असतं, त्याची मेंदूला सवय लागते आणि मग न खाल्ल्यावर चिडचिड होते. म्हणजे नंतर नंतर माणूस मजेसाठी खात नाही, चिडचिड थांबवायला खातो. दुसरं, सुपारी निर्धोक आहे हा आपला मोठा गैरसमज. लग्नात, प्रवासात आपणच लेकरांच्या हातावर गोड सुपारीची पुडी ठेवतो. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोग करू शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच जाहीर केलं आहे. सुपारीनंच तोंडाची आतली कातडी पांढरट आणि ताठ होते, तिखट लागतं, तोंड उघडणं कमी होतं. घरी बघायची सोपी खूण अशी, की आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरकडे जायचं. याचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. अर्थ एवढाच, की आज थांबायचं आणि आज दाखवायचं.

दारू. खरं हे, की एखाद्या लग्नात एकदा प्यायलेला प्रत्येक मुलगा दारुडा होत नाही. पण जितक्या लहान वयात सुरुवात, तितका पुढे व्यसन लागण्याचा धोका जास्त. देशपातळीवर २०१८ साली झालेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत, सुमारे १६ कोटी लोक दारू पिणारे आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाख लोकांना दारूमुळे त्रास होतो किंवा व्यसन आहे, असं दिसलं. म्हणजे तिघांतला एक. हा आकडा पोरांना सांगा. "सगळे वाया जातात" यापेक्षा "तिघांतला एक, आणि तो आपण असू का ते आधी कळत नाही" हे जास्त खरं आहे आणि जास्त विचार करायला लावणारं आहे. हातभट्टीची गोष्ट मात्र वेगळी. तिच्यात मिथेनॉल मिसळलेलं असेल तर पहिल्याच दिवशी डोळे जातात, जीव जातो. मुंबईत मालवणी भागात जून २०१५ मध्ये अशा दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. ही भीती नाही, घडलेली गोष्ट आहे. ती तशीच सांगायची.

गांजा. पोरं म्हणतात, "हे झाडाचं आहे, महादेवाचा प्रसाद आहे, याचं काही होत नाही." आपण म्हणतो, "एकदा ओढला की वेडा होतो." दोन्ही खरं नाही. गांजा एकदा ओढून कुणी सहसा मरत नाही. पण ओढणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला सवय जडते, आणि कुमारवयात सुरू केलं तर साधारण सहातल्या एकाला. त्या वयात मेंदू अजून घडत असतो. लक्ष लागत नाही, वाचलेलं आठवत नाही. काहींना भास होतात, संशय येतो. ज्यांच्या घरात असा मानसिक आजार आहे त्यांना हा धोका जास्त. शिवाय गांजा बाळगणं गुन्हा आहे, आणि पोलीस केस झाली तर नोकरीच्या वाटेत ती आडवी येते. भरतीची तयारी करणाऱ्या पोराला हे शेवटचं वाक्य सगळ्यात लवकर कळतं.

पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, गोळ्या, खोकल्याचं औषध. या गोष्टी घरात आणि दुकानात सहज मिळतात, म्हणून आपण त्यांना नशा समजत नाही. सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगणारी पोरं गावातही आहेत. इथं कान उघडून ऐका : सोल्युशन हुंगल्यानं क्वचित, पण अगदी पहिल्या वेळीसुद्धा, हृदय एकाएकी बंद पडू शकतं. गुंगीच्या गोळ्या दारूसोबत घेतल्या तर श्वास थांबू शकतो. "पहिल्या वेळीही जीव जाऊ शकतो" हे वाक्य इथं खरं आहे. पण मावा आणि गांजासाठी आपण तेच वाक्य आधीच वापरून बसलो असलो, तर इथं पोरगं ते ऐकणार नाही. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण लेकरांना सांगतो. इथं ती आपल्याच अंगाशी येते.

आता एक अवघड गोष्ट बोलते. रागावू नका. आपल्यातल्या कितीजणी सकाळी मिश्री लावतात? माझ्या गटांत मी हात वर करायला सांगते तेव्हा आधी सगळ्या एकमेकींकडे बघतात, मग हळूच हात वर येतात. चुलीपाशी मिश्रीचा डबा ठेवून पोराला "तंबाखू वाईट" म्हणायचं, यात पोराला काय दिसत असेल? मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गरोदरपणात तिच्यामुळे बाळाचं वजन कमी भरतं, पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढतो. "दात दुखतात म्हणून लावते" हे आपण म्हणतो, पण न लावलेल्या दिवशी डोकं दुखतं ते का, हे आपल्यालाही ठाऊक असतं.

मी असं म्हणत नाही, की आधी तुम्ही सोडा आणि मगच पोराशी बोला. मी म्हणते, खरं सांगा. "मला ही सवय लग्नानंतर लागली. सोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही अजून. म्हणून तुला सांगते, लागायच्या आत थांब." आपल्या आईची हार पोराला कळली तर तिची किंमत कमी होत नाही. उलट त्याला वाटतं, हिला माझं कळेल.

बोलायचं कसं, तेही सांगते. बसवून भाषण दिलं की पोरगं भिंतीकडे बघतं. शेंगा फोडताना, रानात जाताना, गाडीवर मागे बसून बाजारला जाताना बोला. आधी विचारा, "तुमच्या वर्गात कोण कोण खातं रे? कुठून आणतात?" दुसऱ्याबद्दल विचारलं तर पोरं मोकळी बोलतात. मग "तुला काय वाटतं?" असं विचारा आणि थांबा. लगेच उपदेश नको. काहीजणी विचारतात, "बोललं तर उलट त्याच्या डोक्यात नाही का येणार?" मैत्रिणींनो, एसटी स्टँडवरच्या टपरीनं ते कधीच डोक्यात घातलंय. आपण फक्त उशिरा पोचतो आहोत. आणि मुलींशीही बोला. सुपारी आणि मिश्री मुलींच्याही वाट्याला येते.

मित्रांत बसल्यावर नाही कसं म्हणायचं, हे पोरांकडून वदवून घ्या. "आई ओरडेल" असं पोरगं मित्रांत म्हणू शकत नाही, त्याला हसतात. "मला कबड्डीला दम लागतो," "भरतीची मेडिकल आहे," "मला तोंड आलंय," असं काहीतरी त्याचं त्यानं शोधलेलं उत्तर त्याला वापरता येतं.

पुडी सापडलीच तर? त्या दिवशी मारू नका, भावकीत बोभाटा करू नका, शाळेतून काढायची धमकी देऊ नका. राग येणारच. राग शांत झाल्यावर, घरात दोघंच असताना बोला. कधीपासून, किती, कुणासोबत, हे विचारा. एकदा चाखलं असणं वेगळं आणि रोज लागणं वेगळं. दोन्हीला औषध एक नाही. खरं सांगणं म्हणजे सूट देणं, असं मात्र समजू नका. "आपल्या घरात हे चालणार नाही" हे आईनं स्पष्ट सांगायचंच. पण त्याच्या पुढचं वाक्यही सांगायचं : "कधी अडकलास, तर पहिल्यांदा मला सांगायचं. त्या दिवशी मी ओरडणार नाही."

तंबाखू सोडताना पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड असतात. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोकं दुखतं. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तल्लफ येते ती काही मिनिटांची असते. पाणी प्यायचं, लवंग किंवा बडीशेप चघळायची, उठून फिरून यायचं. हे आधी सांगितलं नाही तर पोरगं दुसऱ्या दिवशी म्हणतं, "मला जमणार नाही." घरात कुणी मोठं माणूस रोज भरपूर दारू पीत असेल, तर त्याची दारू एका दिवसात घरीच बंद पाडू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

कुणी नशेत बेशुद्ध पडलं तर त्याला कुशीवर झोपवा, तोंडात लिंबूपाणी, ताक काही ओतू नका, १०८ ला फोन करा. आणि डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा. लाजेपोटी "उन्हानं चक्कर आली" म्हटलं, तर उपचार चुकतो.

मदत कुठं मिळते ते लिहून घ्या. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. नशामुक्तीसाठी १४४४६. मनाच्या त्रासासाठी १४४१६, टेलिमानस. हे सगळे सरकारी आणि मोफत आहेत. ग्रामीण रुग्णालयांत मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, त्याची चौकशी आशाताईंकडे करा. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं, मुक्तांगण सुरू केलं. तिथं व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी माणूस मानतात, आणि आजही हजारो घरांना त्याचा आधार आहे. पोलिसांची भीती वाटत असेल तर हेही सांगते : अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४ अ आहे. नशेत अडकलेला माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात, काही अटींवर, त्याला खटल्यातून सूट देण्याची तरतूद त्यात आहे. मदत मागायला जाणाऱ्याला कायदाही वाट ठेवतो.

गटानं काय करायचं? महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९० मीटरच्या आत, तंबाखू विकता येत नाही. ग्रामसभेत हा विषय घ्या, ठराव करा, मुख्याध्यापकांना सोबत घ्या. एकट्या बाईनं टपरीवाल्याशी भांडण काढू नका. गटानं जा, कागद घेऊन जा. नाहीतर पोराला आपण शिकवत बसू आणि शाळेच्या फाटकापाशी पुडी मिळतच राहील.

शेवटी त्या ताईंचं सांगते. बैठकीनंतर आम्ही दोघी थोडा वेळ बसलो. त्यांनी पोराला मारलं नाही. दोन दिवसांनी रानात भांगलताना विचारलं. दिवाळीपासून खातो, चौघांत एक पुडी घेतो, असं तो म्हणाला. मग ताईंनी स्वतःच्या मिश्रीचं सांगितलं. दोघांनी मिळून सोडायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात ताईंचं डोकं इतकं दुखलं, की त्या दोनदा माझ्याशी फोनवर भांडल्या. पोरानं पंधरा दिवस मावा खाल्ला नाही. मग गावच्या यात्रेत मित्रांसोबत खाल्ला.

पण त्या रात्री घरी आल्यावर त्यानं आईला उठवलं आणि स्वतःहून सांगितलं, "आई, आज खाल्ला."

ताई मला म्हणाल्या, "ताई, हसू का रडू, कळंना झालं." मी म्हटलं, काहीच करू नका, उद्यापासून परत पहिला दिवस मोजा. त्या मोजतायत. त्यांचाही, पोराचाही.

आपल्या घरात अशी रात्र आली, तर आपलं लेकरू आपल्याला उठवेल का? आज घरी गेल्यावर एवढाच विचार करा. भेटू पुन्हा. रामराम.